हात बसेपर्यंत

"मूठ आवळा, ताई. अजून. आता सोडू नका," सिस्टर म्हणाली आणि तिने सलूनवाल्याचा हात धरून त्याच्याच बायकोच्या कोपराच्या खोबणीत नेऊन ठेवला. "डोळ्यांनी शोधू नका, दादा. बोटाने शोधा. दाबल्यावर जी वर उसळते ती शीर आपली. बाकीच्यांच्या नादी लागायचं नाही."

त्याच्या बोटाला शीर लगेच लागली. सुईच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे बारीक पंख होते. ते चिमटीत मिटून धरत त्याने सुई जवळजवळ आडवी केली आणि आत सरकवली. मागच्या नळीत रक्त चढत गेलं. बायकोची पापणीसुद्धा हलली नाही.

"बघा! पहिल्याच फटक्यात," सिस्टर म्हणाली. "आमच्या शिकाऊ मुलींना इथवर यायला महिना लागतो."

"वस्तऱ्यावरचा हात आहे हा," तो म्हणाला. खोटं कशाला सांगावं, त्याला बरं वाटलं. दवाखान्याच्या या इमारतीत पाऊल टाकल्यापासून कुणी शाबासकी द्यावी असं काही त्याच्या हातून घडलंच नव्हतं.

मग पाळी बदलली. आता त्याचा हात टेबलावर आणि सुई बायकोच्या बोटांत. तिने चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि सुई शिरेच्या शेजारून गेली. दुसऱ्यांदा शिरेच्या आरपार गेली. तिसऱ्यांदा रक्त आलं, पण ते नळीत न जाता बाहेरच आलं आणि मनगटापर्यंत ओघळलं.

"आई, बाबांचं सांडलं!" भिंतीजवळच्या बाकावरून भिंग्या ओरडला.

सिस्टरने कापूस दाबून धरला. थोड्या वेळाने तिने तो उचलून पाहिला, तोवर भिंग्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी बाजूला सारून लंगडत टेबलापाशी आला होता. बापाच्या हाताकडे तो टक लावून पाहत राहिला.

"थांबलं पण?" त्याच्या आवाजात कौतुक होतं. "आपोआप?"

आईने त्याला उचलून परत बाकावर बसवलं.

भिंग्या सहा वर्षांचा होता. चालायच्या आधी तो पळायलाच शिकला. पोरगं पायाला भिंगरी लावून आलंय, असं घरात सगळे म्हणायचे आणि त्यावरून त्याचं हे नाव पडलं. पुढे ते नाव घेताना आईबापांची जीभ अडखळू लागली, तरी नाव काही सुटलं नाही. त्याचं रक्त गोठत नव्हतं. दोष जन्मापासूनचा होता, आईकडून आलेला. बाहेरची जखम निदान दिसायची तरी. खरी धास्ती आतली होती. एखादी पायरी चुकली, थोडं जास्त हुंदडणं झालं, कधी कधी तर काहीच झालं नाही, तरी उजव्या गुडघ्यात रक्त साचायचं. गुडघा टम्म फुगायचा आणि पोरगं कळवळून जायचं. औषध होतं. भुकटी पाण्यात मिसळून शिरेतून द्यायची, आणि द्यायची ती लगेच. पण दवाखाना दोन बस बदलून. तिथे पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

"दर वेळी सांधा थोडा थोडा खराब होतोय," डॉक्टरबाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "असंच चाललं तर हा पाय सरळ व्हायचा नाही. मग औषध वेळेवर मिळूनही उपयोग नाही. घरीच द्यायला शिका. आधी एकमेकांवर हात बसवा, मग मुलावर."

त्यांनी औषधाच्या दोन कुप्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिल्या. सिस्टरने सुयांचं पाकीट पिशवीत घातलं आणि सलूनवाल्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचं जमेल, दादा. ताईंना वेळ लागेल असं दिसतंय. कुणा एकाचा हात बसला तरी पोराचा पाय वाचेल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवे लागले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरला जायचा. बायको दिवसभर शेजारच्या शिंप्याकडच्या शर्टांची काजं करायची. ती हातातला शर्ट बाजूला ठेवून, बोटं साबणाने धुऊन यायची. आधी तो तिला टोचायचा. एक सुई, एक टोच, संपलं. मग ती त्याला. तिची सुई कधी कातडीतच अडकायची, कधी शीर निसटायची. तो "उजवीकडे" म्हणायचा, तर ती डावीकडे जायची. त्याचे दोन्ही हात कोपरापासून खाली हिरवे-निळे झाले. तो दात आवळून बसायचा. संपलं की ती टॉवेल झटकायची आणि पोळ्या करायला उभी राहायची.

यात बोलणं असं फारसं व्हायचंच नाही. दोघांच्यामध्ये दोन गोष्टी पडून होत्या आणि दोघंही वर्षानुवर्षं त्यांना वळसा घालून चालत होती.

पहिली गोष्ट तिची होती. भिंग्या दीड वर्षाचा असताना सलूनच्या पायरीवर पडला आणि त्याचा ओठ आतून फाटला. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबलेली. सलूनवाल्याने तुरटीचा खडा ओला करून ओठात धरला. रक्त कमी झालं, मग पुन्हा आलं. बायको दवाखान्यात जाऊ म्हणाली. तो हसला होता. "मला रक्ताचं सांगतेस? वीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवतोय. तुरटीने थांबलं नाही असं रक्त अजून जन्माला यायचंय." ते जन्माला येऊन दीड वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा उशी आणि चादर भिजलेली होती आणि पोर पांढरंफटक पडलं होतं. ते वाचलं. बायको त्यानंतर तुरटीबद्दल एक अक्षर बोलली नाही. नुसता तो खडा दुकानाच्या फळीवरून नाहीसा झाला.

दुसरी गोष्ट त्याची. रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आईच्या माहेरी कुणाला असं काही होतं का? ती नाही म्हणाली. तिची आई, म्हणजे त्याच्या सासूबाई, मात्र जमिनीकडे बघत बसल्या. घरी आल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, की त्यांचा एक भाऊ दात पडल्याचं निमित्त होऊन लहानपणी गेला होता. मुलीला हे कधी सांगितलं नव्हतं. लग्नाआधी असलं कुठे बोलतात का! सलूनवाल्याने ते ऐकून घेतलं आणि तो मूग गिळून बसला. बायकोला तो त्यावरून कधी एका शब्दानेही टोचून बोलला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. दुसरा एखादा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं, असं तो मनाशी म्हणायचा, आणि तेवढ्या अभिमानावर त्याची रात्रीची झोप निभावून जायची.

इकडे दुकानात निराळंच सुरू झालं. सलूनमध्ये हात लपवायला जागा नसते. समोर आरसा, आरशात गिऱ्हाईकाचा चेहरा आणि त्या चेहऱ्याभोवती फिरणारे कारागिराचे हात. बाह्या खाली ओढल्या तरी दाढी करताना त्या वर सरकायच्याच. सुयांच्या खुणा लोकांनी पाहिल्या आणि आपापला अर्थ लावला. नेहमीची दोन-तीन गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. गळ्यावर वस्तरा चालवणाऱ्याला नशापाण्याची सवय असली तर कोण मान पुढे करील?

शेवटी शेजारचे शिंपीकाका टेप गळ्यात तसाच ठेवून आत आले आणि गिऱ्हाईक नसल्याची खात्री करून खुर्चीत टेकले.

"लेका, मी तुला लहानपणापासून ओळखतो," ते म्हणाले. "काही नाद लागला असेल तर मला सांग. लोक भलतंसलतं बोलतात."

"नाद लागलाय खरा," तो म्हणाला.

"कसला रे?"

"बायकोच्या हातून सुया टोचून घ्यायचा."

शिंपीकाका खो खो हसले. "तो सगळ्यांनाच असतो!" असं म्हणून ते उठले, आणि निदान त्यांच्या मनातली शंका फिटली ती कायमची. सलूनवाल्यालाही हसू आलं. मग त्याने खरं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोराच्या दुखण्याचं एकदा गल्लीत कळलं होतं, तेव्हा आयांनी आपापली मुलं हाताला धरून बाजूला नेली होती; आता कुठे लोकांना त्याचा विसर पडत होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण भिंग्या चेंडू काखेत धरून जिन्यात एकटाच बसलेला त्याने पाहिला होता. त्यापेक्षा बापाला गर्दुल्ला म्हटलेलं परवडलं.

पुढच्या वेळी दवाखान्यात सिस्टरने भिंग्याला खुर्चीत बसवलं आणि सुई सलूनवाल्याच्या हातात दिली. "चला दादा. आज खरी परीक्षा."

पोराचा दंड त्याच्या दोन बोटांत मावत होता. शीर होती. निळी, दोऱ्याएवढी, बोटाखाली नीट लागत होती. त्याने पंख मिटले. आणि मग बोटांतली शक्तीच गेली. सुईचं टोक दोन दिसू लागलं. त्याने कपाळावरचा घाम खांद्याला पुसला, पुन्हा पाहिलं, हात आणखी थरथरला.

"बाबा, मी तिकडे बघू का?" भिंग्याने विचारलं. "मी तिकडे बघितलं तर तुम्हाला भीती नाही वाटणार."

त्याने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि तो बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला.

"बापाचा हात असतोच असा," सिस्टर मागून येऊन म्हणाली. "लाज कसली त्यात? बसेल. पण तोवर ताईंचं बघायला हवं. त्यांचं अजून जमत नाही म्हणतात."

बायको दाराशी उभी होती.  त्या संध्याकाळी तिने त्याला टोचलं तेव्हा सुई पुन्हा शेजारूनच गेली.

आणि मग ती सकाळ आली. सुट्टीचा दिवस होता आणि बसवाल्यांचा संप. सलूनवाला नुकता चहा घेऊन बसला होता. भिंग्या अंथरुणातून उठून एका पायावर उड्या मारत आला आणि आईच्या पदराशी उभा राहिला.

"आई, आत मुंग्या येतायत."

तिने खाली बसून तळहात गुडघ्यावर ठेवला. गुडघा दिसायला अजून नेहमीसारखाच होता, पण गरम होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं. अशी वेळ त्यांना आजवर कधी सापडलीच नव्हती. दर वेळी ते बसमध्ये असताना ही वेळ निघून जायची.

कुपी फ्रिजमधून बाहेर आली. तिने पाणी ओढून औषधात सोडलं आणि कुपी न हलवता तळहातांमध्ये फिरवत राहिली. सगळं शिकवल्याप्रमाणे. भिंग्या टेबलावर पाय लांब करून बसला. सलूनवाल्याने त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला, आणि या वेळी त्याने स्वतःला विचार करायला फुरसत दिली नाही. त्याने सुई घातली.

नळी रिकामीच राहिली. त्याने सुई जराशी मागे घेऊन पुन्हा ढकलली. पोराने ओठ चावला. कातडीखाली काळपट फुगवटा वर येताना दिसला. सुई काढून त्याने बोट त्यावर घट्ट दाबून धरलं. हे रक्त आपोआप थांबणारं नव्हतं. डाव्या हाताची शीर गेली होती. उजव्या हाताला बोटाला लागेल अशी एकच होती, तीही बारीक, आणि गुडघा आता डोळ्यांना दिसेल इतका भरू लागला होता.

"गाडी बघतो," तो म्हणाला. "कुणाची तरी गाडी मागतो. शिंपीकाकांचा भाचा..."

"सरका," बायको म्हणाली.

"अगं, तुला..."

"डावीकडचं बोट काढू नका. दाबून धरा. आणि जरा सरका."

तिने पट्टा उजव्या दंडाला बांधला. बोट टेकवलं, फक्त एकदा. पंख मिटले. काजाच्या कापडातून सुई जावी तशी ती आत गेली आणि नळीत रक्त चढलं. तिने दुसऱ्या हाताने चिकटपट्टी लावली, पट्टा सोडला, औषधाची सिरिंज जोडली आणि अंगठ्याने ती हळूहळू, हळूहळू रिती करू लागली. या सगळ्यात तिने एकदाही श्वास रोखला नाही. उलट ती भिंग्याला विचारत होती की काल शाळेत बाईंनी कुठली गोष्ट सांगितली, आणि तो सांगत होता.

सलूनवाला बोट दाबून उभा होता. तो पोराच्या गुडघ्याकडे बघत नव्हता. तो बायकोच्या बोटांकडे बघत होता. ही बोटं दिवसभर शर्टांवर काजं घालतात. दोरा चुकलेलं एक काज शिंपीकाकांनी परत पाठवल्याचं त्याला आठवेना.

दुपारपर्यंत गुडघा आणखी वाढला नाही. भिंग्या उशांवर पाय ठेवून झोपला. या खेपेपुरता पाय वाचला होता, पुढची खेप पुढे होतीच. सलूनवाला मोरीत हात धूत होता. बायको रिकामी कुपी आणि सुया डब्यात टाकून मागे येऊन उभी राहिली. त्याच्या वर सरकलेल्या बाह्यांखाली जुन्या-नव्या खुणा दिसत होत्या.

"पहिल्याच फटक्यात," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"मग माझ्यावर कसं..."

नळ चालूच होता. तिने हात पुढे करून तो बंद केला.

"सुरुवातीला खरंच जमत नव्हतं," ती म्हणाली. "मग जमायला लागलं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. पहिल्या आठवड्यापासूनच म्हणा."

त्याने टॉवेल घेतला आणि हात पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिला. त्याला राग यायला हवा होता. पण ती भिजलेली उशी आठवली आणि राग यायचा तिथेच थांबला.

"ठीक केलंस," तो शेवटी म्हणाला. "त्या तुरटीचं... माझं चुकलंच होतं. तेवढं भरायलाच हवं होतं मी."

"ठीक नाही केलं," ती म्हणाली. "ठीक कसलं त्यात? पण तुरटीसाठी नव्हतं ते. तुरटीचं काय, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

"मग?"

तिने त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला.

"तुम्ही रोज मला टोचता. पहिल्यापासून. तुमचा हात माझ्यावर एकदाही थरथरला नाही. पोरावर धरताना पानासारखा हलतो, आणि माझ्यावर... जणू काही कापडाचा तागा समोर पडलाय. बघत बसायची मी. वाटायचं, आज हलेल. आज निदान विचारतील लागलं का म्हणून. माझ्या रक्तातून आलं ना, म्हणून तुम्ही मला हे... तोंडाने नाही म्हणालात कधी. कधीच नाही. पण सुई घालताना तुमचं तोंड आरशात बघितलं असतंत ना एकदा."

"मला वाटायचं, मला येतं म्हणून," तो म्हणाला. "कौशल्य आहे म्हणून."

"ते आहेच," ती म्हणाली आणि भिंग्या जागा झाला का ते पाहायला आत गेली.

दिवसभर त्याने दुकानाचं दार गिऱ्हाईकांना उघडलं नाही. खुर्चीवर फडकं मारलं, कात्र्या पुसल्या, पुन्हा पुसल्या. तिने म्हटलेलं खोटं आहे असं स्वतःला पटवून द्यायचा त्याने प्रयत्न केला. त्यासाठी त्याला तिच्या हातात सुई घालतानाची एखादी तरी संध्याकाळ आठवायला हवी होती जेव्हा त्याच्या मनात तिच्याबद्दल माया होती. त्याने खूप आठवून पाहिलं.

दिवे लागायच्या वेळेला तिने टेबलावर टॉवेल पसरला. तो दारात थबकला.

"आता कशाला?" तो म्हणाला. "तुझा बसलाय की हात."

"मी घरी नसले तर? मी आजारी पडले तर?" ती म्हणाली. "तुम्हालाही यायला हवं. बसा."

तिने बाही वर केली. तिच्या हातावर त्याच्या सुयांच्या खुणा होत्या. काळंनिळं कुठेच नव्हतं. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, बारीक आणि नेटके ठिपके, एकही वावगा नाही. रोज बघूनही त्याने त्या अशा कधी पाहिल्याच नव्हत्या. त्याने पट्टा बांधला. शीर बोटाला लागली, लगेच, नेहमीसारखी. त्याने पंख मिटून धरले आणि सुई कातडीजवळ नेली.

सुई हलत होती.

त्याने ती दूर नेली, पुन्हा जवळ आणली. ती तशीच हलत राहिली. मग त्याने डोळे बारीक करून ती घातली आणि ती शिरेवरून घसरून बाजूला गेली. रक्ताचा थेंब वर आला, मोठा झाला आणि टॉवेलवर पडला. नळी रिकामीच होती.

बायको स्वतःच्या हाताकडे बघत नव्हती. त्याच्या हाताकडे बघत होती.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "लागलं."

आणि तिने हात तसाच पुढे ठेवला.